नोव्हायची संमती

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारी, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका भाड्याच्या सभागृहात, तिथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी गुप्त मतदान केलं. प्रश्न एकच होता: नोव्हायचं आणि ट्रॉयचं मंडळ एक करायचं का, आणि त्यासाठी लिहिलेली नवी घटना मान्य आहे का. पुढच्या शनिवारी तोच प्रश्न ट्रॉयमध्ये विचारला गेला. दोन्ही ठिकाणी मी हजर होतो. घटना लिहिणाऱ्या समितीच्या बैठकांनाही मी हजर होतो, कारण टिपणं काढायचं काम माझ्याकडे होतं.

ते काम माझ्याकडे येण्याची कारणं दोन. महाराष्ट्रातल्या एका जिल्हा दैनिकात बरीच वर्षं बातमीदारी आणि उपसंपादकी केल्यावर मी इकडे आलो. पत्नीला इथल्या एका मोटार कंपनीत नोकरी मिळाली म्हणून. दुसरं कारण, मला मत नव्हतं. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाचं असतं आणि कुटुंबाला एक मत असतं. ज्याच्या नावाने अर्ज भरला, त्याचं ते मत. आमचा अर्ज पत्नीने भरला होता.

"ह्यांना मत नाही, म्हणजे हे तटस्थ," ट्रॉयचे अध्यक्ष म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही.

दोन्ही गावं डेट्रॉईटची उपनगरं. मधला प्रवास गाडीने पाऊण तासाचा; बर्फ असला तर किती, ते सांगता येत नाही. ट्रॉयचं मंडळ मोठं, नोव्हायचं त्याच्या निम्म्याहून लहान. दोघांचा गणपती एकाच शनिवारी यायचा. भारतातून नाटक आलं की ते कुणाच्या गावात व्हायचं यावरून फोनाफोनी व्हायची. एक व्हावं याला दोन्हीकडे कुणाचा विरोध नव्हता. अडलं होतं शाळेवर.

नोव्हायला शनिवारी सकाळी मराठी शाळा भरते. ती एका बाईंनी सुरू केली. मुलंच नव्हे तर मुलांचे आईवडीलही त्यांना शाळेच्या काकू म्हणतात, आणि इथे मीही तसंच म्हणणार आहे. ट्रॉयची शाळा बरीच नंतरची. तिथे मुलं जास्त आणि शिकवणारे कमी. एकत्र मंडळाची शाळा एकच असावी, ती ट्रॉयला असावी आणि नोव्हायच्या शिक्षकांनी तिथे यावं, असं ट्रॉयचं म्हणणं होतं. नव्या मंडळात ट्रॉयची मतं नोव्हायच्या दुपटीहून जास्त होणार होती. म्हणजे मंडळं एक झाली की पहिल्याच बैठकीत नोव्हायची शाळा बंद करता आली असती, आणि ते पूर्ण नियमात बसलं असतं. काकूंना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ट्रॉयलाही दिसत होतं.

समितीत चार जण होते. ट्रॉयचे अध्यक्ष: निवृत्त इंजिनीअर, मूळचे पुण्याचे, मंडळाच्या स्थापनेपासूनचे. नोव्हायच्या बाजूने शाळेच्या काकू आणि त्यांचे पती. पती नोव्हाय मंडळाचे सचिव. चौथी अध्यक्षांची मुलगी. तिचा जन्म इथलाच, आणि ती एका हायस्कूलमध्ये अमेरिकन राज्यव्यवस्था हा विषय शिकवते. तिला मराठी पूर्ण समजतं, बोलताना मात्र वाक्य कुठेही इंग्रजीत शिरतं. मराठी ती काकूंच्याच शाळेत शिकली. तेव्हा ट्रॉयला शाळा नव्हती आणि वडील दर शनिवारी तिला नोव्हायला आणत.

पहिली बैठक अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये झाली. जून होता. पोहे होते. अध्यक्षांनी स्वतः तयार केलेला मसुदा वाचायला सुरुवात केली. सभा अध्यक्ष बोलावतील. समित्या अध्यक्ष नेमतील. नियमाच्या अर्थाबद्दल मतभेद झाल्यास अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील.

मुलीने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"बाबा, नियम करणार कोण?"

"कार्यकारिणी."

"ती कोण नेमणार?"

"मी. म्हणजे अध्यक्ष."

"आणि नियम मोडला की नाही हे कोण ठरवणार?"

"तेही अध्यक्षच. पण भांडतंय कोण आपल्यात?"

"बाबा, यू आर अ किंग."

"राजा असतो तर हे पोहे मी केले नसते," अध्यक्ष म्हणाले.

काकूंचे पती हसले. काकू हसल्या नाहीत; त्यांनी विचारलं, "वर्गात तू हे कसं शिकवतेस ते सांग ना."

तिने जे सांगितलं ते माझ्या टिपणांत असं आहे. राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेली माणसं नुकतीच एका राजाशी लढून मोकळी झाली होती. पण त्यांना भीती फक्त वाईट माणसाची नव्हती. चांगल्या माणसाच्या हातात सगळी कामं दिली तरी तेच होतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून कायदा करणारे वेगळे, तो राबवणारा वेगळा आणि त्याचा अर्थ लावणारे वेगळे ठेवले. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामात थोडा अडथळा आणायची सोय करून ठेवली. काम मुद्दाम हळू व्हावं म्हणून.

"मुद्दाम हळू?" अध्यक्ष म्हणाले. "आमच्या प्लँटमध्ये असं केलं असतं तर एकही गाडी बाहेर पडली नसती."

"ब्रेक नसलेली गाडी बाहेर काढली असती का, बाबा?"

अध्यक्षांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. नियमाचा अर्थ लावण्यासाठी कार्यकारिणीबाहेरच्या तिघांचं पंचमंडळ असावं, हे त्या दिवशी ठरलं. मसुद्यातलं पहिलं बदललेलं वाक्य तेच.

दुसऱ्या बैठकीत वेगळीच अडचण निघाली. मुलीने दोन्ही मंडळांचे जुने नियम वाचून आणले होते. दोन्हींत लिहिलं होतं की निवडणूक असो की नियम बदलणं, वार्षिक सभेत एक तृतीयांश सभासद कुटुंबं हजर हवीत.

इथली वार्षिक सभा मी पाहिलेली आहे. ती कार्यक्रमाच्या दिवशी चारला असते आणि जेवण सहाला. लोक सहाला येतात. चारला व्यासपीठावर पाच-सहा जण असतात आणि समोर त्यांच्या बायका किंवा नवरे. मग सचिव उठून सांगतात की गणसंख्या नसल्याने सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर तीच माणसं बसलेली असताना सभा पुन्हा सुरू होते, आणि मग गणसंख्येची गरज राहत नाही. नवी कार्यकारिणी आधीच फोनवर ठरलेली असते. "कुणाचा विरोध?" असं विचारलं जातं. टाळ्या वाजतात. इतिवृत्तात 'बिनविरोध' असा शब्द येतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांच्या बातम्या मी केल्या आहेत. पद्धत तीच, वाक्यंही तीच.

"हे अर्ध्या तासाचं कुठे लिहिलंय?" मुलीने विचारलं.

"असतंच ते," काकूंचे पती म्हणाले.

"काका, रूल्समध्ये नाहीये. मी दोनदा वाचले."

"अगं, सगळीकडे असतं," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या कोथरूडच्या सोसायटीत…"

"बाबा, हे कोथरूड नाहीये."

तिचं म्हणणं बरोबर होतं. सोसायटीच्या उपविधीत ती तरतूद असते. मिशिगनमध्ये मंडळं स्थापन करताना ती नियमांत घालायची राहून गेली, पण ती आहेच असं धरून सगळे वर्षानुवर्षं सभा तहकूब करत आले. अर्थ सरळ होता. गणसंख्या कधी भरलीच नव्हती. मंडळाने घेतलेला एकही निर्णय मंडळाच्याच नियमांप्रमाणे वैध नव्हता.

"म्हणजे मी अध्यक्ष नाहीच?" अध्यक्षांनी विचारलं.

"टेक्निकली, नो."

"मग इतकी वर्षं मकर माझ्या गॅरेजमध्ये का आहे?"

"मखर," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे एकदम हसले.

हसणं थांबल्यावर काकूंच्या पतींनी खरा प्रश्न विचारला. जुन्या मंडळाला अधिकारच नव्हता, तर नव्या मंडळाला तो देणार कोण?

मुलीला हा प्रश्न आवडला, असं तिच्या बसण्यावरून वाटलं. ती म्हणाली की फिलाडेल्फियातही हाच पेच होता. तिथे जमलेल्यांना राज्याराज्यांतला जुना करार दुरुस्त करायला पाठवलं होतं. त्यांनी नवीनच लिहून काढलं. जुन्या करारात बदल करायला सगळ्या राज्यांची संमती लागायची, आणि एक राज्य तर आलंच नव्हतं. मग त्यांनी ठरवलं की हा कागद राज्यांच्या विधिमंडळांपुढे न ठेवता प्रत्येक राज्यात लोकांनी खास निवडलेल्या सभांपुढे ठेवायचा. अधिकार राज्य सरकारांनी दिलेला नसेल. तो लोकांकडून येईल. म्हणून कागदाची सुरुवात लोकांच्या नावाने आहे.

"आपल्याकडेही तसंच," अध्यक्ष म्हणाले. "आता शाळेच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतं. आम्ही भारताचे लोक."

"मग आपणही लोकांनाच विचारू," काकूंचे पती म्हणाले. "घरटी एक मत आहेच."

"घरटी," काकू म्हणाल्या.

त्या बोलतील म्हणून सगळे थांबले.

"ट्रॉयचं मंडळ केवढं मोठं हे सांगताना तुम्ही डोकी मोजता. बायका, मुलं, आलेली आजी सगळी धरता. आमचंही तसंच. आकडा सांगताना मी त्यात असते. मत द्यायची वेळ आली की ह्यांना विचारतात. आमचा अर्ज ह्यांनी भरला होता, मी तेव्हा शाळेत होते. आणि ह्यांचं शाळेबद्दल काय मत आहे ते सांगू दे त्यांनाच."

काकूंच्या पतींनी चष्मा काढून पुसला. एकच शाळा असावी असं त्यांचंही मत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं. आदल्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तरीही त्या दर शनिवारी पुस्तकांच्या पेट्या उचलून वर्गात नेत होत्या. ट्रॉयला शाळा गेली तर त्या थांबतील असा त्यांचा हिशेब होता.

"मी तुझ्याच भल्याचं बघतोय," ते म्हणाले.

"माझ्या भल्याचं मत मला देऊ दे. आणि उद्यापासून तुझा डबाही तूच बिनविरोध भर."

अध्यक्षांच्या मुलीने मग एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ती पूर्ण मराठीत बोलत होती. अमेरिकेच्या त्या घटनेत गुलामांनाही मोजलं होतं. दक्षिणेकडच्या राज्यांना जास्त प्रतिनिधी मिळावेत म्हणून पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला. त्यांना मत नव्हतं, ते स्वतःचेही नव्हते. फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं. बायकाही नव्हत्या. "मी मुलांना सांगते की हे पान वगळायचं नाही."

"आपलं तसं नाही," काकू म्हणाल्या. "तसं म्हणायची लाज वाटेल. पण मोजायचं आणि विचारायचं नाही, एवढं तरी आपण करायला नको."

ठरलं ते असं. नव्या घटनेवर मत कुटुंबाचं नाही, माणसाचं. प्रत्येक प्रौढ माणसाला एक. विद्यापीठातल्या विद्यार्थी सभासदांनाही एक; ते तोपर्यंत गाण्याच्या कार्यक्रमांत वाद्यं उचलायला आणि शाळेत शिकवायला चालत होते, पण त्यांना मत नव्हतं. मलाही मत मिळालं. अध्यक्ष म्हणाले, आता तुम्ही तटस्थ राहिला नाहीत. टिपणं मात्र माझ्याकडेच ठेवली.

शाळेचा प्रश्न तिसऱ्या बैठकीत आला. ही बैठक नोव्हायला काकूंच्या घरी होती.

काकूंचं म्हणणं त्यांनी एका वाक्यात मांडलं: नोव्हायची शाळा नोव्हायच्या लोकांनी हो म्हटल्याशिवाय बंद होऊ नये, मग बाकीचं मंडळ काहीही म्हणो.

"हा व्हेटो झाला," अध्यक्ष म्हणाले. "शंभर लोकांचं म्हणणं चाळीस लोक अडवणार. मग एक कशाला व्हायचं? मी ह्या देशात तीन मंडळं फुटताना पाहिली आहेत. प्रत्येक वेळी सुरुवात अशीच झाली, आमचं वेगळं ठेवा म्हणून. आणि ट्रॉयला एका बाई दोन वर्ग एकदम घेतात. त्यांचं काय?"

हे खरं होतं, आणि काकूंनी ते नाकारलं नाही.

मुलीने मग आपल्या वर्गातला एक खेळ सांगितला. ती वर्गाचे दोन गट करते, एक मोठ्या राज्यांचा आणि एक लहान राज्यांचा. दोन्ही गट आपली बाजू मांडतात. मग ती गट बदलते आणि त्याच मुलांना उलट बाजूने बोलायला लावते. घटनेतली तडजोड मुलांना त्यानंतर कळते असं तिचं म्हणणं. इथेही तेच करायचं, ती म्हणाली: अध्यक्षांनी नोव्हायची बाजू मांडायची, काकूंनी ट्रॉयची.

"पोरखेळ," अध्यक्ष म्हणाले, पण खुर्ची पुढे ओढली.

काकू आधी बोलल्या. ट्रॉयला मुलं जास्त आहेत, शिकवणारे थकले आहेत, दोन अर्ध्या शाळांपेक्षा एक पूर्ण शाळा बरी. त्या चांगलं बोलल्या, कारण ते त्यांना पटतही असावं.

मग अध्यक्ष. "मी नोव्हायचा," त्यांनी सुरुवात केली. "शनिवारी सकाळी सातला पोराला उठवायचं. ते रडतं. मी त्याला गाडीत घालतो. सिक्स-नाइन्टी-सिक्स हायवेवर बर्फ. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. शाळा दोन तास. अर्धा दिवस गेला. पोराचा सॉकर बुडला. असं मी किती दिवस करीन? दोन महिने. मग एका शनिवारी पोराला बरं नसेल, मग मला बरं नसेल, मग…"

ते थांबले.

"तुम्ही बारा वर्षं केलंत," काकू म्हणाल्या.

"केलं."

"आय हेटेड इट, बाबा," मुलगी म्हणाली. "आय थ्रू अप इन द कार. ट्वाइस."

"तीनदा," अध्यक्ष म्हणाले. "गाडी मी धूत होतो."

"आणि माझ्या बॅचमधली ट्रॉयची बाकीची मुलं? त्यांना मराठी येत नाही. त्यांचे बाबा थकले."

काकूंनी चहा ठेवला. चहा होईपर्यंत मुलीने सांगितलं की फिलाडेल्फियात लहान राज्यं उठून जायच्या बेतात होती. मोठ्यांना संख्येवर प्रतिनिधी हवे होते, लहानांना सारखे. शेवटी दोन सभागृहं केली: एकात संख्येप्रमाणे, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला दोन, राज्य केवढंही असो. आणि वर असंही लिहून ठेवलं की एखाद्या राज्याचा हा सारखेपणाचा हक्क त्या राज्याच्या संमतीशिवाय काढता येणार नाही. मोठ्या राज्यांनी स्वतःच्या सहीने स्वतःचे हात बांधून घेतले.

"का बांधले?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण नाहीतर दुसरे आलेच नसते."

मंडळाला दोन सभागृहं झेपणार नव्हती. कार्यकारिणी सभासदसंख्येप्रमाणे ठेवली. कलम नऊ वेगळं लिहिलं: कोणत्याही गावातली शाळा त्या गावच्या सभासदांच्या बहुमताने दिलेल्या संमतीशिवाय बंद किंवा स्थलांतरित करता येणार नाही. घटना दुरुस्त करायचा मार्ग कलम बारामध्ये दिला. कलम नऊ मात्र त्या मार्गानेही, दोन्ही गावांच्या वेगवेगळ्या बहुमताशिवाय, बदलता येणार नव्हतं. अध्यक्षांनी आपला विरोध नोंदवायला सांगितला. मी नोंदवला.

नोव्हायच्या मतदानाच्या दिवसासाठी काकूंनी एकच बदल सुचवला होता आणि तो सगळ्यांनी मान्य केला. जेवण चारला ठेवलं. सभागृहाच्या दारात मतपत्रिका, मग पेटी, मग ताटं. मत दिल्याशिवाय जेवणाच्या रांगेत जायची वाट नव्हती. कुणाला द्यायचंच नसेल तर कोरी चिठ्ठी टाकायची मुभा होती. गणसंख्या पहिल्या अर्ध्या तासात भरली. मंडळाच्या इतिहासात ती पहिल्यांदा भरत होती आणि सचिवांनी माइकवरून तसं सांगितलं. टाळ्या वाजल्या, पण त्या मोजायच्या नव्हत्या.

ॲन आर्बरहून आलेले दोन विद्यार्थी रांगेत होते. दोघेही महाराष्ट्रातून इंजिनीअरिंग करून इथे संशोधन करायला आलेले आणि शनिवारी काकूंच्या शाळेत शिकवणारे.

"यार, इंडियात माझं नाव यादीत आलं आणि मी फ्लाइटमध्ये बसलो," त्यातला एक म्हणाला. "हे माझं आयुष्यातलं पहिलं व्होट."

"मग नीट दे," दुसरा म्हणाला. "पुढे मसालेभात थंड होतोय."

काकूंचे पती पेटीजवळ उभे होते. काकू मत टाकून आल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिलंस?"

"गुप्त आहे."

"मी नाही म्हटलंय. आधीच सांगतो."

"तुझंही गुप्त ठेवायचं होतं. आता ताट घे."

मतमोजणी जेवणानंतर सगळ्यांच्या समोर झाली. नोव्हायने घटना मोठ्या फरकाने मान्य केली.

ट्रॉयचं खरं अवघड होतं. नोव्हाय लहान होतं आणि कलम नऊ त्याच्या सोयीचं होतं. ट्रॉयला त्यातून काही मिळत नव्हतं. तिथे मोठ्या संख्येने येणाऱ्यांनी स्वतःच्या संख्येवर मर्यादा घालून घ्यायची होती. त्या शनिवारी मत द्यायच्या आधी चर्चा ठेवली होती, आणि पहिल्या रांगेतून मागणी आली की कलम नऊ वगळून बाकीची घटना मान्य करावी.

अध्यक्षांच्या मुलीने उठून सांगितलं की नोव्हायने हा कागद आहे तसा मान्य केलेला आहे. एक कलम काढलं तर तो वेगळा कागद होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. घ्यायचा तर पूर्ण, नाहीतर नाही.

लोकांनी अध्यक्षांकडे पाहिलं. ते मुलीच्या शेजारीच बसले होते. ते उठले आणि माइक न घेता बोलले. काकू नोव्हायहून आल्या होत्या आणि मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना इथे मत नव्हतं.

"कलम नऊ मला मान्य नाही," अध्यक्ष म्हणाले. "समितीत मी विरोध नोंदवला आहे, पत्रकार इथे बसलेत, विचारा. एकच शाळा हवी असं माझं अजूनही मत आहे."

"मग नाही म्हणा ना काका," कुणीतरी म्हणालं.

"नाही म्हटलं की पुन्हा दोन गणपती, दोन दिवाळ्या आणि एका नाटकासाठी वीस फोन. आणि माझंच ऐकायचं असतं, तर घटना लिहायला इतके महिने कशाला घालवले? नोव्हायला एक शाळा पटवून द्यायची असेल तर मी तिकडे जाऊन पटवीन. बंद करून पटवणार नाही. मी हो म्हणणार आहे. तुमचं तुम्ही बघा."

ते बसले. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी आपली मागणी मागे घेतली नाही, पण ती पुन्हा मांडलीही नाही. मतदान झालं. मोजणी दोनदा करावी लागली, कारण फरक थोडा होता. ट्रॉयने घटना नऊ मतांच्या फरकाने मान्य केली. काकू उठून अध्यक्षांपाशी गेल्या. ते दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

नव्या मंडळाची पहिली निवडणूक जानेवारीत झाली. अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार होते. जुने अध्यक्ष उभे राहिले नाहीत. फेब्रुवारीत नव्या कार्यकारिणीने एकच शाळा करण्याचा ठराव बहुमताने संमत केला, आणि कलम नऊप्रमाणे तो नोव्हायच्या सभासदांकडे संमतीसाठी पाठवला. जुने अध्यक्ष बोलल्याप्रमाणे नोव्हायला आले आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने अर्धा तास भाषण केलं. काकूंच्या पतींनी त्यांना अनुमोदन दिलं. काकू विरोधात बोलल्या. ट्रॉयला शिक्षक कमी पडतात हे मान्य करून त्यांनी ॲन आर्बरच्या दोन्ही विद्यार्थ्यांना दर दुसऱ्या शनिवारी तिकडे पाठवायची तयारी दाखवली.

नोव्हायच्या सभासदांनी संमती नाकारली. कार्यकारिणीने ठराव मागे घेतला. दोन्ही शाळांचं नवं सत्र मार्चच्या पहिल्या शनिवारी सुरू झालं. नोव्हायची शाळा पूर्वीच्याच जागी भरली.